झाडलेलं जंगल

जंगल झाडून काढणारा माणूस आमच्या तालुक्यात आजवर एकच झाला, आणि तो मी. हे मी कौतुकानं सांगत नाही. पण गावातलं दुसरं कुणी सांगेल तर त्यात आणखी चार खराटे वाढवून सांगेल, म्हणून मीच सांगितलेलं बरं.

मी संघपाल. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आमचं गाव जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायाशी. नोकरी संपली तेव्हा सकाळी उठून कुणाला काही शिकवायचं नाही, हे मला जमेना. पहिले आठ दिवस मी बायकोला शिकवलं. नवव्या दिवशी छाया म्हणाली, "गावात एवढे लेकरं हायेत, त्यायले धरा ना. मले पोया करू द्या." तेव्हापासून दर रविवारी आमच्या ओसरीवर वीस-बावीस मुलं जमतात. फी नाही, परीक्षा नाही. त्यांना माझा कंटाळा येतो तेव्हा ती सरळ उठून जातात. शाळेत ही सोय नव्हती, त्यामुळे मी किती कंटाळवाणा आहे हे मला साठीनंतर कळलं.

मागच्या कार्तिकात रुबिनाचा फोन आला. रुबिना म्हणजे ट्रॅक्टरवाल्या बद्रुद्दीनची मुलगी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होती. आता दूरच्या एका संस्थेत जंगलातल्या मातीवर संशोधन करते.

"सर, एक काम होतं. पण तुमाले तरास होईन."

"तू सांग तं खरी."

तिनं सांगितलं ते असं. तिच्या मार्गदर्शकांना एका विद्यार्थ्याला चार महिन्यांसाठी मलेशियातल्या वर्षावनात पाठवायचं होतं. तिथं मोठमोठी झाडं तोडून यंत्रांनी ओढत बाहेर काढतात. त्या ओढाताणीत जमीन किती उखडते, किती दबते, हे तिथं राहून मोजायचं. जायला सहा जण तयार होते आणि जागा एक. म्हणून मार्गदर्शकांनी सगळ्यांना एकच काम दिलं होतं : आपल्या घराजवळचं एक तोडलेलं जंगल घ्या, त्यात पन्नास मीटरच्या तीन रेषा मोजा. शेजारचं न तोडलेलं जंगल घ्या, त्यातही तीन रेषा मोजा. दोन्हींतला फरक तक्त्यात भरून रविवारी रात्रीपर्यंत पाठवा.

आमच्या गावामागं ही सोय होती. वनखात्यानं आदल्या हिवाळ्यात सागाच्या जंगलाचा एक तुकडा ठरवून तोडला होता. अशा तुकड्याला कूप म्हणतात. त्यातले ओंडके ओढून सडकेला आणायचं काम बद्रुद्दीनच्याच ट्रॅक्टरनं केलं होतं. म्हणजे बापानं उकरलेलं लेकीनं मोजायचं.

"मले मोजणीची परवानगी एकाच दिवसाची भेटली सर, रविवारची. रेषा आखण्यातच दुपार झाली तं मोजू कव्हा? तुमी फक्त खुंट्या ठोकून सुतळी बांधून ठेवसान का? फक्त तेवढंच."

"काळजी नोको करू," मी म्हणालो.

'फक्त तेवढंच' याचा अर्थ मला चौतीस वर्षांत कधी समजला नव्हता. साहेब शाळा बघायला येणार असं कळलं की दुसरे शिक्षक हजेरीपट नीट करत. मी खराटा काढत असे. पटांगण झाडायचं, सडा मारायचा, वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडून त्यांना चुना लावायचा. एकदा एका साहेबांची पँट त्या ओल्या चुन्यानं भरली होती, तरी माझी श्रद्धा ढळली नाही.

शुक्रवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मुलं घेऊन मी जंगलात गेलो. आधी कूपात. तिथली अवस्था बघवेना. जागोजागी फांद्यांचे ढीग, ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या, त्यांत साचलेलं पाणी. हे काही आपल्या हातून सुधारत नाही, असं ठरवून मी खुंट्या ठोकल्या, सुतळ्या बांधल्या आणि तिथून निघालो. मला तेवढी एक बुद्धी सुचली.

मग आम्ही न तोडलेल्या जंगलात गेलो. सागाचा पाला पायाखाली पसरलेला. सुतळी बांधली तर ती पाल्यात दिसेचना.

"सर, रुबिनाताईले रेष कशी दिसन?" डिंपलनं विचारलं. डिंपल सहावीत आहे. तिचे प्रश्न चांगले असतात. त्यांची उत्तरं मी देतो, तिथं घोटाळा होतो.

"बरोबर," मी म्हणालो. "खराटे आणा."

दोन संध्याकाळी आठ खराटे चालले. तिन्ही रेषांवर दोन-दोन मीटर रुंद पट्टा आम्ही असा झाडला की त्यावर पंगत बसली असती. पाला ओढून नाल्याच्या काठाला ढीग लावले. शाळेतून उरलेली फक्की आणली आणि खो-खोच्या मैदानासारख्या पांढऱ्या रेघा मारल्या. पट्टा सपाट दिसावा म्हणून मुलांना जोडीजोडीनं त्यावरून चालवलं. पहिल्या रेषेच्या तोंडाशी फक्कीनं 'सुस्वागतम्' लिहिलं. ते अक्षर माझं होतं, आणि चांगलं आलं होतं.

रविवारी सकाळी शेगावला रेल्वेनं उतरून रुबिना थेट कूपावर आली. खांद्याला पिशवी, हातात एक लोखंडी सळई. सळईच्या वर घड्याळासारखा काटा. सळई जमिनीत दाबली की माती किती घट्ट झाली ते काटा सांगतो. मुलं तिच्याभोवती गोळा झाली. मी मागं हात बांधून उभा राहिलो, जसा आपली शाळा पहिली आल्यावर उभा राहायचो.

"पाहा," ती मुलांना म्हणाली, "दर मीटरवर थांबायचं, खाली पाह्यचं अन् एक नंबर सांगायचा. तीन नंबर म्हंजे चाकोरी पडली, खालचा मुरूम वर आला. हे इथं हाये तसं."

"'हे माह्या अब्बूनं केलं', असं लिहा ताई," एक जण ओरडला. सगळी हसली. रुबिनाही हसली.

"दोन नंबर म्हंजे पाला गेला, माती उघडी पडली. एक म्हंजे पाला हाये, पण कोणतरी हालवला. अन् शून्य..." ती थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "सरनंच शिकवलं होतं आमाले, शून्य सगळ्यात महत्त्वाचा. शून्य म्हंजे त्या जमिनीले कोणाचा हातच लागला नाई. शून्य बरोबर मोजला नाई, तं बाकीच्या नंबराले काही अर्थच नाई. म्हणून त्या साबूत जंगलातल्या तीन रेषाच माह्यासाठी खऱ्या."

त्या वेळी कार्तिकाचं छान ऊन होतं. मला एकदम थंडी वाजली.

बावीस मुलांनीही ते ऐकलं होतं. पण मुलं इतकी आज्ञाधारक, की सरांनी झाडायला सांगितलं म्हणजे त्यात काही चूक असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. हाही माझ्याच शिकवण्याचा परिणाम.

पुढचे दोन तास कूपातल्या रेषा मोजून होईपर्यंत मी काय करत होतो? वेळ काढत होतो. पोरांना प्रत्येक मीटरला तीन-तीन प्रश्न विचारत होतो. मुरूम म्हणजे काय, गांडूळ कुठं राहतं, पाणी चाकोरीत का साचतं. रुबिना घड्याळ बघायची आणि शांतपणे म्हणायची, "हो सर. फुडं जाऊ?" इतका छळ मी तिचा चौथीतही केला नव्हता.

खरं तर एकच वाक्य बोलायचं होतं. 'रुबिना, मी जंगल झाडलं.' मी ते मनात चार वेळा घोळवलं. प्रत्येक वेळी ते मागच्या वेळेपेक्षा जास्त मूर्खपणाचं वाटलं.

बारा वाजता कूपातल्या तिन्ही रेषा झाल्या. "भाकर खाऊन तिकडं जाऊ," रुबिना म्हणाली. मुलं डबे उघडून बसली. मी म्हणालो, "तुमी खा. मी जरा फुडं जाऊन पाहतो."

पुढं जाऊन मी काय केलं, ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी नाल्याकाठच्या ढिगातला पाला खांद्यावरच्या दुपट्ट्यात भरला आणि पट्ट्यावर परत टाकायला लागलो. आधी पायानं फक्की पुसली. 'सुस्वागतम्' पुसायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ते मी ठसठशीत काढलं होतं. वय त्रेसष्ट, गुडघ्यांत कळा, आणि मी वाकून वाकून जंगलाला खोटं पांघरूण घालत होतो.

"सर, पाला वापस काऊन टाकून राह्यले?"

डिंपल. आणि तिच्या मागं सगळी पलटण.

माझ्या तोंडून निघालं, "ताईले पाला लागते."

बस, एवढंच. मुलांनी डबे खाली ठेवले आणि कामाला लागली. अर्ध्या तासात तिन्ही पट्टे झाकले. पण ती माझी मुलं. मी त्यांना नीटनेटकेपणा शिकवलेला. त्यांनी प्रत्येक पान सुलटं ठेवलं आणि सगळे देठ एका बाजूला केले. एक पोरगी तर दोन पानांमधलं अंतर वीतेनं मोजत होती. जगातल्या कुठल्याही जंगलात पानं अशी प्रार्थनेला उभी नसतात.

मी ते मोडून देठ इकडंतिकडं करू लागलो तेवढ्यात रुबिना आली. सोबत बद्रुद्दीन. तो ट्रॅक्टरवरून पाण्याचा कॅन घेऊन आला होता.

"सलाम गुरुजी. काय, पत्ते खेळून राह्यले का?"

"जय भीम बद्रूभाई," मी म्हणालो आणि उठलो. दुपट्ट्यातून चार पानं पडली.

रुबिना रेषेच्या तोंडाशी उभी राहिली. तिनं दूरपर्यंत बघितलं. "किती चांगलं जंगल राह्यलं हो सर इथं," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतका विश्वास होता, की मला वाटलं आता बोलावं. पण तिनं तक्ता काढला, पेन उघडला आणि डिंपलला जवळ बोलावलं. "तू नंबर सांग, मी लिहीन. पहिला मीटर."

डिंपलनं खाली बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा गणित अडल्यावर होतो तसा झाला होता. हळूच तिनं विचारलं, "सर, शून्य म्हणू का दोन म्हणू?"

त्या वेळी माझ्या हातात सगळं होतं. मी नुसतं 'शून्य' म्हटलं असतं, तर डिंपलनं शून्य म्हटलं असतं. पुढची एकशे एकोणपन्नास शून्यंही तिनं माझ्या भरवशावर म्हटली असती. रुबिना मलेशियाला गेली असती. मी सत्कारात नारळ घेतला असता. आणि एक सहावीतली मुलगी जन्मभर खाली बघून उत्तर द्यायच्या ऐवजी सरांच्या तोंडाकडं बघून उत्तर देत राहिली असती. हे मला तेव्हा इतकं नीट सुचलं, असं सांगितलं तर तेही खोटं होईल. तेव्हा मला फक्त तिचा चेहरा बघवेना.

"दोन म्हण," मी म्हणालो. "रुबिना, इथला पाला आम्ही परवा अन् काल झाडला. सुतळी दिसावी म्हणून. तिन्ही रेषांवरचा. फक्कीपण मारली. आता तू जेवत होती तव्हा मी वापस टाकला."

रुबिनानं पेनचं टोपण लावलं. खाली बसली. एक पान उचललं. खाली फक्कीची पांढरी रेघ.

"जंगल झाडलं?"

"हो."

"खराट्यानं?"

"आठ खराटे होते, ताई," डिंपल म्हणाली. खरं बोलायचं ठरल्यावर तिनं काही ठेवलं नाही. "अन् पोट्ट्यायनं कवायत केली इथं. जोडीनं."

रुबिनानं सळई उचलून पट्ट्यात दाबली. पहिल्या चार बोटांतच ती अडली. दोन पावलं बाजूला, झाडाच्या बुंध्यापाशी दाबली तर लोण्यात गेल्यासारखी गेली.

बद्रुद्दीननं काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वा गुरुजी! माह्या ट्रॅक्टरले डिझेल लागते, चार महिने लागले, वरून सारेजण मलेच बोलतेत. तुमी तं लेकरायच्या पायानं दोन दिसात भागवलं."

रुबिनाचे डोळे भरले होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "सर, मले एकच दिवस होता."

माझ्यासारख्या माणसाकडं उत्तर नसलं की तो सल्ला देतो. मी म्हणालो, "दुसऱ्या ठिकाणी..."

"तुमी काही नोको सांगा सर," ती म्हणाली. चौतीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. आणखी आधी म्हणायला हवं होतं.

सव्वा वाजला होता. बद्रुद्दीननं टोपी मागं सरकवली. "नाल्याच्या वरतं चाल बेटा. तिथं चढ हाये, माहं चाक गेलं नाई. गायी बी जात नाई. पण दीड तासाची चढण हाये."

रुबिना उठली. सळई, पिशवी, सुतळीचा गुंडा. "अब्बू, तुमी रस्ता दाखवा. डिंपल, तू चाल, नंबर सांगाले. माह्या पावलावर पाऊल ठेवजो, इकडंतिकडं नाई. बाकी कोणी येऊ नोका." मग मला, अगदी आदरानं, "तुमी तं नोकाच येऊ सर."

ते तिघं वर गेले. मी एकवीस मुलांबरोबर आमच्या झाडलेल्या पट्ट्याशेजारी बसलो.

मग मी मुलांना सांगितलं, की झाडलं ती चूक होती. ती कुणाच्याही हातून होते, मला माहीत नव्हतं. पण पाला परत टाकला ती लबाडी होती. ती मी समजून केली, आणि तुम्हाला करायला लावली.

फहीम म्हणून एक पाचवीतला आहे. तो म्हणाला, "सर, मंग शिक्षा?"

"कोणाले?"

"तुमालेच ना."

हे तर्काला धरून होतं. काय शिक्षा द्यायची यावर त्यांच्यात चर्चा झाली. कोंबडा करायला माझे गुडघे बरोबर नाहीत, असं एकमतानं ठरलं. शेवटी, ताई येईपर्यंत सरांनी काही शिकवायचं नाही, अशी शिक्षा झाली. ती मी भोगली. साडेपाच तास. त्यात माझ्यासमोर एक मुलगा मुंगळ्याला कोळी म्हणाला, तरी मी गप्प बसलो.

पुरता अंधार पडल्यावर ते उतरले. रुबिनाच्या केसांत काड्या, डिंपलच्या फ्रॉकला कुसळं. डिंपल धावत आली. "सर, तिथं पाला उचलला तं खालून वला रायते! बुरशीचे धागे रायतेत, पानं शिवल्यासारखे! टाकलेल्या पाल्याले थे नसतेत!"

म्हणजे मी ओठ शिवून बसलो असतो, तरी पहिलं पान उचलल्याबरोबर रुबिनाला कळलंच असतं. माझ्या कबुलीची किंमत तिथंच निम्मी झाली.

"झालं का?" मी विचारलं.

"दोन रेषा पुऱ्या झाल्या," रुबिना म्हणाली. "तिसरीचे बावीस मीटर. मंग दिसेना."

ती ट्रॅक्टरच्या उजेडात तक्ता घेऊन बसली. बद्रुद्दीन तिच्या खांद्यावरून बघत होता. "अठ्ठावीस शून्यच राह्यले ना? टाक लिहून. वरतं सारं शून्यच तं हाये. म्या पाह्यलं."

रुबिनानं डिंपलला विचारलं, "तू पाह्यलं का फुडचं?"

"नाई."

"म्याबी नाई." तिनं अठ्ठावीस रकाने मोकळे सोडले. खाली शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहिलं आणि फोनवर फोटो काढून, सडकेपर्यंत चालत जाऊन, रेंज आल्यावर पाठवला. शेऱ्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तिनंच दाखवलं. न तोडलेल्या जंगलात आधी आखलेल्या तिन्ही रेषा माझ्या शिक्षकांनी झाडल्यामुळे वापरल्या नाहीत. नवी तिसरी रेषा उजेडाअभावी अपुरी.

शिक्षकांनी. नाव घातलं नव्हतं. मी मनातल्या मनात तिचे आभार मानले.

बुधवारी तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला. ते तिच्यावर वीस मिनिटं रागावले. रेषा दुसऱ्याला आखायला सांगायच्या नसतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही समजतं, म्हणाले. मग म्हणाले, पासपोर्ट तयार ठेव. बाकीच्या पाच जणांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

हे सांगायला ती मिठाई घेऊन आली. मी म्हणालो, "रुबिना, तिथं काही मदत लागली तं..."

"सर," ती म्हणाली, "तिथं पाला लय पडते. तुमाले नेलं तं तुमचा जीव घाबरन." छाया आतून इतक्या जोरात हसली, की शेजारीण विचारायला आली.

रुबिना चार महिने तिकडं राहून आली. जायच्या आधी तिनं मुलांना एक काम दिलं होतं. आमचा झाडलेला पट्टा दर महिन्याला मोजायचा, आणि तो शून्यावर कधी येतो ते बघायचं. मोजायची रीत अशी, की पट्ट्याच्या बाहेर उभं राहून बघायचं आणि आत एकानंही पाय ठेवायचा नाही. मला वेगळी सूचना होती : दोन हात लांब.

माघ-फाल्गुनात सागानं नवा पाला टाकला. पट्टा पुरता झाकला गेला. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "शून्य!"

डिंपलनं काठीनं एक पान अलगद वर केलं. खाली कोरडी, घट्ट माती. धागा नाही, ओल नाही. एका जागी फक्की अजून होती.

"वरतून पाला पडला म्हणून शून्य नाई होत सर," ती म्हणाली आणि वहीत दोन लिहिलं.

पावसाळा झाला. गांडुळांनी माती वर आणली. दिवाळीच्या सुटीत आम्ही पुन्हा गेलो. मी वाद घातला की निदान नाल्याकडच्या टोकाला तरी आता शून्य धरावा. बावीस जणांनी खाली वाकून बघितलं. माझ्याकडं कुणीच बघितलं नाही.

"एक," डिंपल म्हणाली.

"एक," बाकीचे म्हणाले.

मी एक लिहिलं.